गावच्या ग्रुपवर व्हिडिओ पडला की वाद पेटतो; तो मुद्द्यावर कसा आणायचा?

धुरा_दारव्हा

रामराम मंडळी. गावचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. साडेतीनशे माणसं, तीन अ‍ॅडमिन. निम्मे कास्तकार, बाकी कृषी केंद्रवाले, गुरुजी, बचत गटाच्या बाया आणि नागपूर-पुण्याला नोकरीला गेलेली पोरं. लाइन कधी येणार, बाजार समितीत सोयाबीन काय भावानं गेलं, कोणाची गोऱ्ही हरवली, या कामांसाठी ग्रुप खरोखर उपयोगाचा आहे. व्हिडिओ पडला की मात्र सगळं बिघडतं.

व्हिडिओ तीन जातीचे. एक फवारणीचा किंवा खताचा. दुसरा ‘धरणाचे दरवाजे उघडले’, ‘वाघ दिसला’ असा घाबरवणारा. तिसरा भांडणाचा, म्हणजे दोन समाजांचा नाहीतर ग्रामपंचायतीच्या राजकारणाचा. वाद सुरू होतो तो साधारण असा:

‘हे खोटं आहे.’
‘कोन्तं?’
‘वरचं.’
‘मी कायले खोटं टाकीन?’
‘तुमाले नाई म्हटलं, काका.’
‘मंग कोनाले म्हटलं?’

तिथून पुढे शंभर-दीडशे मेसेज. त्यांतल्या बहुतेकांनी व्हिडिओ उघडलेलाच नसतो. ग्रुप न मोडता आणि कोणाचा अपमान न करता ही चर्चा कामाची कशी करता येईल? फक्त ‘समजूतदारपणे वागा’ असं सांगू नका. नेमकं काय करायचं, कोणतं बटण दाबायचं, काय लिहायचं, ते सांगा.

---

पांदण_वाशीम

तुम्ही दिलेल्या संवादातच दुखणं दिसतंय: ‘वरचं’. पाठोपाठ तीन व्हिडिओ, मध्ये दोन सुप्रभात आणि एक वाढदिवस. त्यात कोणी ‘हे खोटं आहे’ एवढंच लिहिलं की तिन्ही पाठवणाऱ्यांना ते आपल्यालाच लागतं. म्हणून पहिली सवय लावायची ती उत्तर जोडून देण्याची. ज्या व्हिडिओवर बोलायचं त्यावर बोट ठेवून उजवीकडे सरकवा, तो खाली चौकटीत येईल, मग लिहा. अ‍ॅडमिनने आठवडाभर स्वतः काटेकोरपणे हेच करावं. न जोडता आलेल्या उत्तराला एकच प्रश्न विचारावा, ‘कोणत्या व्हिडिओबद्दल, भाऊ?’ बाकीचे पाहून पाहून शिकतात.

दुसरी सवय मिनिट-सेकंद लिहिण्याची. ‘व्हिडिओ चुकीचा आहे’ यावर कितीही वेळ भांडता येतं. ‘१ मिनिट २० सेकंदाला तो एकरी म्हणतो आणि पडद्यावर हेक्टरी लिहिलंय’ असं लिहिलं की सगळ्यांना तेवढी जागा उघडावीच लागते. यूट्यूबवर कमेंट करताना मिनिट आणि सेकंद मध्ये दोन टिंबं देऊन इंग्रजी आकड्यांत लिहिलेत तर त्याची निळी लिंक होते. दाबलं की व्हिडिओ थेट तिथे जातो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फाइलला ही सोय नाही, तिथे हातानेच सरकवावं लागतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. यूट्यूब-फेसबुकवरचा व्हिडिओ असेल तर फाइल टाकू नये, लिंक टाकावी. फाइलला आई-बाप नसतात. चॅनेलचं नाव नाही, तारीख नाही, खालचं वर्णन नाही, लोकांच्या कमेंट नाहीत. बनवणाऱ्याने चूक कबूल करून व्हिडिओ काढून टाकला तरी तुमच्या ग्रुपवरची फाइल गावभर फिरत राहते. लिंक उघडली की यातलं सगळं दिसतं. शिवाय ३२ जीबीच्या फोनमध्ये जागा नसते, म्हणून बऱ्याच जणांनी आपोआप डाउनलोड बंद केलेलं असतं. त्यांना फक्त धूसर चित्र आणि वरचा मथळा दिसतो, आणि ते मथळ्यावरच भांडतात. ‘कोणी पाहतच नाही’ ही तुमची तक्रार बरीचशी इथून येते.

यावर उपाय म्हणजे व्हिडिओसोबत दोन ओळी सक्तीच्या करायच्या: विषय काय, कोणाचा, कधीचा, किती लांब आणि कामाचं कुठून. उदाहरणार्थ, ‘सोयाबीन, पिवळा मोझॅक. कृषी विज्ञान केंद्राच्या चॅनेलवरचा, मागच्या ऑगस्टचा. साडेचार मिनिटं, औषधाचं २:१० पासून.’ ज्याला या दोन ओळी लिहिता येत नाहीत त्याने स्वतःही तो पाहिलेला नसतो, हे आपोआप उघड होतं.

अंगठ्याचा अर्थही एकदा ठरवून टाका. एकाला अंगठा म्हणजे ‘पाहिलं’, दुसऱ्याला ‘पटलं’. भांडणाच्या व्हिडिओवर दिलेला अंगठा उद्या कोणीतरी ‘तुम्ही पाठिंबा दिला होता’ म्हणून दाखवतो.

आता बटणं. वाद हाताबाहेर गेला तर ग्रुपच्या नावावर दाबून परवानग्यांमध्ये जा आणि मेसेज पाठवण्याचा अधिकार फक्त अ‍ॅडमिनकडे ठेवा. पण आधी लिहा: ‘ग्रुप रात्री ९ वाजेपर्यंत बंद, ९ ला उघडू.’ वेळ न सांगता बंद केलात तर अ‍ॅडमिन एका बाजूचा आहे असं लोक धरून चालतात. अ‍ॅडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी हटवता येतो, पण तिथे अ‍ॅडमिनच्या नावानिशी ‘हटवला’ अशी खूण राहते. म्हणून हटवल्या हटवल्या कारण एका ओळीत लिहावं. आणि ज्यांच्या फोनमध्ये तो उतरलेला आहे त्यांच्या गॅलरीत तो तसाच राहू शकतो, हे लक्षात ठेवा. हटवला म्हणजे संपला, असं नाही. खरी माहिती सापडली की ती वर चिकटवून ठेवा. २४ तास, ७ दिवस आणि ३० दिवस असे तीन पर्याय येतात. सणासुदीला सात दिवसांचा घ्या, नाहीतर शुभेच्छांखाली गडप होतं.

---

पऱ्हाटी_घाटंजी

फवारणीच्या व्हिडिओवरचे वाद जवळजवळ सगळे मापाचे असतात. दोन्ही बाजू बरोबर असतात आणि तरी भांडतात. ‘पंप’ हा शब्दच घ्या. पाठीवरचा साधा पंप १५-१६ लिटरचा, बॅटरीवाला १६ ते २० लिटरचा, आणि पेट्रोलचा पॉवर पंप वेगळाच. व्हिडिओतला माणूस ‘पंपाला इतकं’ म्हणतो आणि पाहणारा आपापला पंप डोळ्यांपुढे आणतो.

कृषी विद्यापीठाची शिफारस सहसा १० लिटर पाण्याला दिलेली असते. समजा ती ४ ग्रॅम आहे. मग १५ लिटरच्या पंपाला ६ ग्रॅम आणि २० लिटरच्याला ८ ग्रॅम. हे झालं साध्या पंपाचं. पॉवर पंपाचा फवारा बारीक, त्याला एकरी पाणी कमी लागतं, म्हणून पाण्यातलं औषधाचं प्रमाण तिप्पट धरतात: १० लिटरला १२ ग्रॅम. एकरी औषध साधारण तेवढंच पडतं. आता व्हिडिओत पॉवर पंपवाला ‘दहा लिटरले बारा’ म्हणाला आणि पाहणाऱ्याने तेच साध्या पंपात टाकलं, तर वावरात तिप्पट औषध गेलं. पानं करपतात, आणि फवारणाऱ्याच्या अंगावरही तिप्पट तीव्रतेचं पाणी उडतं. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून जास्त माणसं गेली. मापाचा वाद आपल्याकडे माणसाच्या जिवाचा वाद आहे, म्हणून तो ग्रुपवर झालाच पाहिजे. फक्त नीट झाला पाहिजे.

म्हणून फवारणीचा व्हिडिओ आला की मत देण्याआधी पाच गोष्टी विचारा. पीक कोणतं आणि किती दिवसांचं? कीड किंवा रोग कोणता? औषधातला घटक कोणता आणि किती टक्के (दुकानातलं नाव चालणार नाही)? १० लिटरला किती? पंप कोणता? टक्के का विचारायचे तर इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के दाणेदार मिळतं आणि १.९ टक्के द्रवही मिळतं. नाव एक, माप वेगळं. एकाने ग्रॅम सांगायचे, दुसऱ्याने मिली ऐकायचे, आणि दोघांनी एकमेकांना खोटं पाडायचं, असं चालतं. या पाचांपैकी एक जरी उत्तर व्हिडिओत नसेल तर तसं लिहून मोकळं व्हा: ‘पंप कोणता ते सांगितलेलं नाही, या मापाने फवारू नका.’ डब्याच्या लेबलवर त्या पिकाचं नाव आहे का, हेही पाहा. नसेल तर त्या पिकासाठी ते औषध मंजूर नाही. व्हिडिओला कितीही लाख लोकांनी पाहिलेलं असो.

यूट्यूबवर असे व्हिडिओ तपासताना कमेंटचा क्रम बदला. आधी ‘टॉप’ दिसतात, त्यात बहुतेक ‘छान माहिती दादा’ असतं. ‘नवीन’ केलं की फवारणी झाल्यावर परत आलेले लोक दिसतात: पानं करपली, फुलं गळाली, औषधं एकत्र केली तेव्हा द्रावण फाटलं. चॅनेलवाल्याला कमेंट काढून टाकता येतात, म्हणून वाईट कमेंट नाहीत याचा अर्थ औषध चांगलं असा होत नाही. नापसंतीचा आकडा नोव्हेंबर २०२१ पासून लोकांना दिसत नाही, तेव्हा नुसत्या पसंतीच्या आकड्यावर भांडू नका. वर्णनात विक्रीचा फोन नंबर आहे का, सुरुवातीला कोपऱ्यात सशुल्क जाहिरातीची पट्टी येते का, तेवढं पाहा. येत असेल तर ती माहिती जाहिरातीची आहे, एवढं लिहायचं. माणसाला शिव्या घालायचं कारण नाही.

खताच्या व्हिडिओचं एक उदाहरण देतो, कारण ते दर जूनमध्ये फिरतं. डीएपीचे दाणे तळहातावर घ्यायचे, खर्रा घोटतात तसा चुना लावून चोळायचं, नाकाला झोंबणारा वास आला तर माल असली. एक जण म्हणतो वास आला, खरं आहे. दुसरा म्हणतो माझ्या बॅगेलाही वास आला, तरी पीक उठलं नाही, म्हणजे व्हिडिओ खोटा. दोघांनीही पाहिलं ते खरंच. चुन्याने अमोनियम असलेल्या कोणत्याही खतातून अमोनिया सुटतो. डीएपीत १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद असतं, पण २०:२०:०:१३ या खतालाही तसाच वास येतो. चुन्याची चाचणी फक्त अमोनियम आहे की नाही ते सांगते, स्फुरद किती ते सांगत नाही. वास आलाच नाही तर माल नक्की संशयाचा; आला तर अजून काहीच सिद्ध झालं नाही. बॅग शिवलेली ठेवा, पावती ठेवा आणि पंचायत समितीत खत निरीक्षकाकडे लेखी तक्रार करा. नमुना तो घेतो, निकाल प्रयोगशाळेतून येतो. ग्रुपवर त्याचा निकाल लागत नाही.

ज्या गोष्टीची परीक्षा घेणं धोक्याचं नाही, जसा निंबोळी अर्क, तिथे ‘चालतो-चालत नाही’ करत बसण्यापेक्षा चार ओळी फवारा, चार सोडा, पाट्या लावा आणि सातव्या दिवशी दोन्हींचा फोटो त्याच व्हिडिओला जोडून टाका. अर्क ५ टक्के म्हणजे १०० लिटर पाण्याला ५ किलो निंबोळी. कमी घेतली आणि उपयोग नाही म्हटलं, तर ती परीक्षाच नाही.

विषबाधेवर घरगुती इलाज सांगणारा व्हिडिओ आला तर त्यावर चर्चाच नको, तो लगेच काढा. भिजलेले कपडे उतरवा, साबण-पाण्याने अंग धुवा, औषधाचा डबा लेबलासकट सोबत घ्या आणि १०८ ला फोन लावून दवाखान्यात न्या. पिकाच्या शंकेसाठी किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१, सकाळी ६ ते रात्री १०, मराठीत बोलतात.

---

बांधी_पवनी

धरण आणि वाघाच्या व्हिडिओबद्दल. यातले बहुतेक खरेच असतात, फक्त आजचे नसतात किंवा इथले नसतात. म्हणून ‘खोटा आहे’ म्हणाल तर वाद हराल. समोरचा म्हणेल, ‘डोळ्याने दिसतंय ना पाणी?’ ‘कधीचा आणि कुठला?’ एवढंच विचारा.

कुठला ते ओळखायला गाडीची पाटी सगळ्यांत सोपी. एमएच २९ यवतमाळ, ३४ चंद्रपूर, ३६ भंडारा, ३३ गडचिरोली, ३५ गोंदिया, २७ अमरावती, ३२ वर्धा, ३० अकोला, ३७ वाशीम, २८ बुलढाणा. नागपूरला ३१, ४० आणि ४९ असे तीन. एकच पाटी असेल तर गाडी बाहेरगावाहून आलेली असू शकते. तीन-चार वेगवेगळ्या दिसल्या की अंदाज पक्का होतो. एसटीवर आगाराचं नाव असतं. दुकानाच्या पाटीवरचं गाव वाचा. मागे बोलणाऱ्यांची बोली ऐका, पण आवाज वरून चढवलेला नाही ना हे आधी बघा: ओठ, पाण्याचा किंवा गाडीचा आवाज आणि चित्र जुळतं का?

कधीचा हे ओळखण्यात कास्तकाराचा हात कोणी धरणार नाही. शहरातली पोरं मोबाइलवर शोधत बसतात, तुम्ही नुसतं वावर पाहा. मागे पऱ्हाटी (कपाशी) बोंडं फुटून पांढरी झालेली आहे आणि खाली लिहिलंय ‘आज, जुलै’? शक्य नाही. सोयाबीनच्या गंज्या लागल्यात म्हणजे सप्टेंबरचा शेवट नाहीतर ऑक्टोबर. पळस फुलला असेल तर फाल्गुनाच्या आसपास. सागवान उघडंबोडकं दिसत असेल तर उन्हाळा. आमच्याकडे बांधीत (धानाच्या वावरात) परे (धानाची रोपं) लागलेले की लोंब्या आलेल्या, एवढ्यावरून महिना सांगता येतो. गणवेशातली पोरं शाळेच्या रस्त्याला दिसली आणि व्हिडिओ जूनच्या मध्याचा म्हणतात, तर विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटीच उघडतात. ग्रुपवर हे लिहिलं की लोक लगेच मानतात, कारण प्रत्येकाला स्वतः पडताळता येतं.

मोबाइलवर शोधायचं असेल तर असं करा. व्हिडिओ तीन ठिकाणी थांबवून स्क्रीनशॉट घ्या: अगदी पहिलं दृश्य, पाटी किंवा इमारत दिसते ते, आणि सगळ्यांत स्पष्ट असेल ते. प्रत्येकातून वरखालची लाल-पिवळी अक्षरांची पट्टी कापून टाका. नाही कापली तर गूगल लेन्स (चित्रावरून शोधणारी गूगलची सोय) चित्राऐवजी ती अक्षरंच शोधत बसतं. मग लेन्समध्ये टाका आणि आलेल्यांपैकी सर्वांत जुनी तारीख शोधा. आजच्या म्हणवणाऱ्या व्हिडिओचं चित्र दोन वर्षांपूर्वीच्या पानावर सापडलं की विषय संपला. काहीच सापडलं नाही तर मात्र तो नवा आहे असं सिद्ध होत नाही.

दोन बाणांची खूण आणि ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ असं दिसलं तर तो निदान पाच हातांतून आलेला आहे. पण ही खूण नसणं हा पुरावा नाही. कोणी गॅलरीत उतरवून पुन्हा नव्याने टाकला की खूण पुसली जाते. ‘मला मित्रानेच काढून पाठवला’ असं कोणी म्हणालं तर त्या मित्राला फोन लावून विचारायला सांगा की कोणत्या जागेवरून काढला.

गोसीखुर्द धरणाला ३३ दरवाजे आहेत, ऊर्ध्व वर्धा धरणाला १३. पावसाळ्यात ‘सगळे दरवाजे उघडले’ असा व्हिडिओ आला तर किती दरवाजे, किती मीटरने आणि किती क्युमेक (सेकंदाला घनमीटर) विसर्ग, हे तीन आकडे मागा. सूचना देताना जलसंपदा विभाग आणि जिल्हा प्रशासन हे आकडे देतात. आकडे नसलेला व्हिडिओ सूचना म्हणून पुढे पाठवू नका. पण नदीकाठचा माणूस नुसत्या व्हिडिओवर जागा झाला आणि बैल सोडून वर आणले, तर त्याला हसूही नका. सावध होण्यात नुकसान नाही. घबराट पसरवण्यात आहे.

वाघाच्या व्हिडिओत उलटं होतं. पाहायला गर्दी जमते आणि तीच जिवावर येते. ठिकाण ग्रुपवर टाकू नका, वनरक्षकाला फोन करा. गावकऱ्यांना फक्त एवढं लिहा: ‘अमुक पांदणीने अंधारात जाऊ नका.’

---

वऱ्हाडी_मानूस

सगळ्यायनं बटनं सांगतली, मानूस राहून गेला. पांदण भाऊ, ग्रुप बंद केला तं वाद मिटत नाई. तो पानठेल्यावर जाते अन् व्हिडिओ दुसऱ्या ग्रुपवर जाते. तिथी तुमची दुरुस्ती पोचतच नाई. म्हनून बंद करनं फक्त मारामारीच्या व्हिडिओले. फवारनीच्या वादाले चालू द्या.

दुसरं, गावात व्हिडिओ टाकनारा बहुतेक वडीलधारा रायते. गुरुजीले साडेतीनशे मानसात ‘खोटं टाकू नका’ म्हटलं तं ते व्हिडिओसाठी नाई, मानासाठी भांडतीन. आंधी वैयक्तिक मेसेज करा, नाईतं फोनच लावा: ‘गुरुजी, तुमी टाकलेला व्हिडिओ मी पाह्यला. तो दोन वर्सांआंधीचा दिसते, हा पुरावा. तुमीच ग्रुपवर दोन शब्द लिहिले तं सगळे मानतीन.’ दुरुस्ती त्यायच्याच हातानं झाली की तिले वजन येते. वीस मिन्टं थांबा. नाई लिहिलं तं मंग तुमी लिहा, नाव न घेता.

तिसरं, ज्यायले व्हिडिओ समजते त्यायले तुमचा लांबलचक मेसेज वाचाचा कंटाळा येते. दुरुस्ती आवाजात करा, तीस सेकंदाच्या आत, आपल्या बोलीत. सुरुवात खऱ्यापासून: ‘आज गोसीचं पानी सोडलं नाई. तो व्हिडिओ जुना हाये.’ आंधी खोटं सांगून मंग खोडलं तं लोकायच्या डोक्यात खोटंच रायते. गाव अन् तारीख क्लिपमंधीच बोला, कावून की ती क्लिपबी उद्या फिरनार हाये.

---

धुरा_दारव्हा

खूप उपयोगाचं मिळालं. दोन गोष्टी अजून. भांडणाच्या व्हिडिओत अ‍ॅडमिनवर केस होते असं सगळे घाबरवतात, त्यात किती तथ्य? आणि आता संगणकाने बनवलेले व्हिडिओ येतायत, मोठ्या माणसाच्या तोंडी योजना नाहीतर औषध घातलेलं. ते कसे ओळखायचे?

---

कचेरी_नागपूर

अ‍ॅडमिनबद्दल. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ ला निकाल दिला, प्रकरण गोंदिया जिल्ह्यातलंच. दुसऱ्या सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही; त्याचा सामायिक इरादा किंवा आधी ठरवलेला कट दिसला पाहिजे. अ‍ॅडमिनला सदस्य घेता-काढता येतात, मजकूर येण्याआधी तो तपासता येत नाही, हे न्यायालयाने लक्षात घेतलं. पण यावरून बिनधास्त राहू नका. अ‍ॅडमिनने स्वतः तो पुढे पाठवला, ‘बरोबर केलं’ लिहिलं, तर तो पाठवणाराच झाला.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. समाजात तेढ वाढवणाऱ्या मजकुराला कलम १९६, अफवेने भीती किंवा चिथावणी पसरवण्याला कलम ३५३. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणं कलम ७२ खाली गुन्हा आहे, ‘न्याय मिळावा म्हणून’ व्हिडिओ टाकला असला तरी. गावातल्या पोरीचा, पळून गेलेल्या जोडप्याचा, लहान लेकराचा व्हिडिओ आला तर खरा-खोटा तपासत बसू नका. आधी काढा.

मूल पळवणाऱ्यांच्या व्हिडिओला सर्वांत जास्त घाबरा. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेतून भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणायला घेतली. असा व्हिडिओ पडला तर पाठवणाऱ्याचा नंबर आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, मग सगळ्यांसाठी हटवा, ग्रुप अ‍ॅडमिनपुरता करा आणि पोलीस पाटलाला फोन लावा. कुठे माणसं जमत असतील तर थेट ११२. ‘हे खरं आहे का?’ विचारायला तोच व्हिडिओ दुसऱ्या ग्रुपवर टाकू नका. विचारणं म्हणूनही तो पसरतोच.

संगणकी व्हिडिओत पाट्यांवरची देवनागरी अक्षरं अजून बऱ्याचदा मोडकी येतात, बोटं आणि दात नीट दिसत नाहीत, ओठ शब्दाच्या मागेपुढे होतात. पण हे दोष दिवसेंदिवस कमी होतायत, म्हणून डोळ्यांवर विसंबू नका. शेवटी काय मागतो ते पाहा. पैसे किंवा ओटीपी मागितला, किंवा एपीके फाइल (फोनमध्ये अ‍ॅप टाकायची फाइल) टाकून घ्यायला सांगितली की बोलणारा कोणीही असो, थांबायचं. योजनेच्या नावाची एपीके फाइल ग्रुपवर दिसली तर लगेच हटवा. कोणी टाकून घेतलीच असेल तर त्याने आधी फोनचा डेटा बंद करावा, दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरला कळवावं. पहिला तास वाया घालवू नये.

---

पांदण_वाशीम

वऱ्हाडी भाऊंचं पटलं. ग्रुप बंद करायचा तो फक्त तिसऱ्या, भांडणाच्या व्हिडिओला. माझा ‘रात्री ९ वाजेपर्यंत बंद’ फवारणीच्या वादात उलटा पडेल. धुरा भाऊ, चिकटवायला हे घ्या, लांबवू नका:

‘व्हिडिओची लिंक टाका. कोणाचा, कधीचा, कामाचं कोणत्या मिनिटाला ते लिहा. उत्तर त्याच व्हिडिओला जोडून द्या. फवारणीत घटक, टक्के, १० लिटरचं माप आणि पंप लिहिल्याशिवाय सल्ला नको. भांडणाचा, लेकराबाळांचा, पोरीबाळींचा व्हिडिओ टाकू नका. अंगठा म्हणजे पाहिलं.’

---

धुरा_दारव्हा

आज रात्री चिकटवतो. आपल्या दोन शेजाऱ्यांनी फोनवर काढलेल्या व्हिडिओची लिंक नसते, त्यांनी काय करायचं?

---

पऱ्हाटी_घाटंजी

फाइलच टाकायची, पण व्हिडिओ सुरू करताना स्वतःच्या आवाजात तारीख, गाव आणि पीक बोलायचं, मग पानाची मागची बाजू जवळून दाखवायची. फोन आडवा धरा आणि ऊन तुमच्या पाठीमागून येऊ द्या. पांढरी माशी, तुडतुडे पानाच्या खाली असतात. वरून काढलेल्या व्हिडिओत काही दिसत नाही आणि मग मावा की तुडतुडे यावर चाळीस मेसेज जातात. पाठवताना एचडी निवडा, नाहीतर दाबून लहान झालेल्या चित्रात एवढीशी कीड ओळखू येत नाही. सोबत त्याच पानाचा एक स्थिर फोटो द्या, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून.